नामाजी उंदीर बघायला निघाला

कुरुंद्याच्या आजूबाजूच्या पाच-सात गावांत कुणाला शेळी घ्यायची असली की तो आधी नामाजीला गाठायचा, मग बाजार. नामाजी सोबत आहे म्हटल्यावर व्यापारी निम्मं खोटं आपणहून गिळून टाकत. उरलेलं निम्मं नामाजी बाहेर काढायचा.

त्याची रीतच तिरपागडी. शेळीकडं तो बघायचाच नाही. म्हणायचा, "शेळी मागनं बघू. आधी हिची माय दाखव." खाण तशी माती, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. मायची कास बघून झाली की पाणी पाजायचं भांडं बघायचा. शेवटी मालकाला म्हणायचा, "हात फिरवा बरं हिच्यावर." मालकाचा हात पुढं आल्यावर जनावर मागं सरकलं, की नामाजी चपला घालून चालता झालाच. मग मालक किती का शपथा खाईना.

हे घेताना. विकताना तर त्याहून मोठी आफत. गिऱ्हाईक दारात आलं की याचा पहिला सवाल, "मागचं जनावर कुठं हाय?" मेलं म्हटलं तर कशानं, विकलं म्हटलं तर कुणाला. पोलीस पाटलानंही इतकं विचारलं नसतं. एकदा गावातले अमृतराव आले होते. मोठे बागायतदार, नातवाच्या दुधासाठी शेळी पाहिजे होती. मागची शेळी कुठंय म्हटल्यावर ते हसत म्हणाले, "गेली असंल कुठं तरी." नामाजीनं सोडलेली शेळी परत बांधली. "मग ही बी जाईल कुठं तरी. च्या घ्या अन् या," म्हणाला. अमृतराव त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. नामाजीला ते दोन वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं.

आणि दाव्याची, म्हणजे जनावराच्या गळ्यातल्या दोराची गोष्ट. जनावर विकावं, दावं विकू नये, ही त्याच्या घरातली जुनी चाल. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. जुनं दावं सोडून घरातल्या खुंटीला लावायचं. कशासाठी, तर नामाजीचा बाप म्हणायचा, बरकत घरात राहते. नामाजी म्हणायचा, "काय गेलं ते तरी ध्यानात राहतं." भिंतीला अशी वीस-बावीस दावी होती. त्याची नात रागिणी पाढे म्हणावेत तशी ती म्हणून दाखवायची. हे मोरीचं, हे कानीचं, हे लंगडीचं. तिचे खरे पाढे मात्र कच्चे होते.

परभणीतून हिंगोली निघून नवा जिल्हा झाला, त्यानंतर दोन-एक वर्षांनी रागिणी लिंबाच्या झाडावरून पडली. नऊ वर्षांची पोर. चांदी नावाची तिची एक पांढरी पाट होती, म्हणजे अजून न व्यालेली शेळी. तिच्यासाठी पाला तोडायला चढली आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. नांदेडला दवाखान्यात न्यावं लागलं. आजी पंचफुलाबाई तिकडं, आई तिकडं. घरी बत्तीस शेळ्या आणि गुडघे धरून बसलेला नामाजी.

रागिणीचा बाप हनुमान वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवायचा. तो म्हणाला, "आबा, आता बास करा. शेळ्या बघता का पोरगी बघता?" एक व्यापारीही तोच घेऊन आला. "माणूस पक्का हाय, मी वळखतो," म्हणाला. उंदराला मांजर साक्ष, पण नामाजीनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पोरीचं ऑपरेशन होतं. दोनची नांदेड गाडी गाठायची होती.

ट्रक लागला. एकतीस शेळ्या चढल्या. नामाजीनं व्यापाऱ्याला एक सवाल केला नाही. त्यांची एकतीस दावी सुटून खाली पडली, ती मागनं भिंतीला लागली. चांदी चढेना. तिच्या गळ्यात लाल दावं होतं, त्यात रागिणीनं तीन कवड्या ओवल्या होत्या. हमालानं दावं धरून ओढलं आणि चांदीला दाव्यासकट वर टाकलं. नामाजीनं ते पाहिलं. दिसलंच नसतं तर गोष्ट वेगळी होती. पण दिसलं, आणि तो गाडी गाठायला निघून गेला.

दीड महिन्यानं रागिणी प्लास्टर घेऊन घरी आली. शेळ्यांच्या रिकाम्या वाड्याकडं तिनं बघितलं, पण रडली नाही. दवाखान्यात तिला सांगितलंच होतं. तिनं भिंतीकडं पाहिलं. एक-एक दावं डोळ्यानं मोजलं.

"चांदीचं दावं कुठं हाय?"

"चांदी चांगल्या घरी गेली बाई," नामाजी म्हणाला.

"मी दावं इचारलं, आबा."

 त्या दिवसापासून पोरगी त्याच्याशी बोलायची बंद झाली. तशी जेवायची, हसायची, आईशी भांडायची. फक्त आबाच्या नावाला कुलूप. आबानं पाणी दिलं तर पाणी घ्यायची, पण तोंडातून शब्द नाही. "लेकरू हाय, इसरंल," पंचफुलाबाई म्हणाली. प्लास्टर निघालं, काखेत कुबडी आली, तरी ती विसरली नाही. अमृतरावांचं दोन वर्षं न बोलणं ज्याला कळलं नव्हतं, तो माणूस आता सकाळी उठून पहिलं पोरीचं तोंड बघायला लागला. आज बोलते का? नाही बोलत. फार वाईट गेले त्याला ते दिवस. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

एक दिवस रागिणी आजीला म्हणाली, "मला पांढरे उंदीर पाहिजेत." दवाखान्याच्या खिडकीतून तिनं रस्त्यावर एक खेळवाला पाहिला होता. त्याचे उंदीर चाकात पळायचे.

"अगं माय माय!" पंचफुलाबाईनं कपाळाला हात लावला. "घरात काय कमी हायत? कणगी कुरतडून ऱ्हायलेत मेले, त्याइला पोस की!"

"ते नगं. पांढरे."

नामाजी ओट्यावर सुपारी कातरत होता. कातरता कातरता थांबला. उंदीर तर उंदीर. जनावर बघून आणणं, ही जगातली एकच गोष्ट त्याला येत होती. पोर परत बोलती झाली तर याच वाटेनं होईल, असं त्याच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं हळदीच्या जुन्या चाळणीची जाळी काढली, खोक्याला ठोकली, पिंजरा केला. गावानं तोंडाला पदर लावला. शेळ्यांचा पारखी म्हातारा उंदीर बघायला निघाला.

पहिल्यांदा तो वसमतच्या बाजारात तशाच एका खेळवाल्याला जाऊन भेटला. चाकात दोन उंदीर पळत होते. नामाजी उकिडवा बसला. एकाची शेपटी अर्धी, दुसऱ्याचे डोळे चिकटलेले.

"पानी कुठं हाय यांचं?"

"दिन में पानी नहीं देता बाबा. पेट भरा तो दौड़ते नहीं."

नामाजी उठला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तेही जरा मोठ्यानं. "हनुमानच्या माय, पानी न्हाई पाजत तो. न्हाई घेतले." लेकी बोले सुने लागे. कोपऱ्यात रागिणी वहीत मान घालून होती. पेन्सिल मात्र थांबली होती.

मग तो नांदेडला गेला. रंगीत माशांचं एक दुकान होतं, तिथं काचेच्या पेटीत पंधरा-वीस उंदीर एकावर एक. नामाजी म्हणाला, "यांची माय दाखवा."

दुकानदार हसला. "चाचा, चूहे की माँ कौन देखता है?"

"मी बघतो."

"पुणे से माल आता है. जोड़ा ले जाओ, नर-मादी."

नामाजीनं दोन्ही उंदरांची शेपटी उचलून पाहिली. "दोनी नर हायत," म्हणाला, "अन् यातला एक शिंकून ऱ्हायला." दुकानदारानं हात आत घातला तर सगळे उंदीर एका कोपऱ्यात. नामाजीनं चपला घातल्या.

"आता काय झालं?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"मालकाच्या हाताला भेतेत. अन् माय कोनती ते मालकालाच ठावं न्हाई."

"लोक डोंगर पोखरून उंदीर काढतेत," पंचफुलाबाई म्हणाली, "तुमी नांदेड पोखरलं तरी उंदीर न्हाई निघाला!" कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. नामाजीनं मान वळवली नाही. वळवली असती तर हसू गेलं असतं.

शेवटी शाळेतल्या गुरुजींनी पत्ता दिला. वसमतला पद्माबाई म्हणून एक बाई राहते. तिचा नवरा एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई होता. वर्ष संपल्यावर उरलेले पांढरे उंदीर तो घरी घेऊन यायचा, म्हणायचा यांना आता सुट्टी. तो वारला. उंदरांच्या पिढ्या बाईनं सांभाळल्या. या वेळी पंचफुलाबाईनं हट्टानं रागिणीला सोबत धाडलं. गाडीत दोघं शेजारी बसले आणि दोघंही खिडकीबाहेर बघत वसमतला पोचले.

पद्माबाई साठीची, बारीक, तोंडानं कडक. ओसरीवर लाकडी पेटी होती. नामाजीनं विचारायच्या आधीच ती म्हणाली, "ही धाकटी, ही तिची माय, अन् कोपऱ्यात झोपली ती आजी." नामाजीनं पाणी बघितलं. सलाईनची नळी बाटलीला लावून थेंब-थेंब पाण्याची सोय केली होती. मग म्हणाला, "हात घाला बरं." बाईनं हात घातला. एक उंदीर तळव्यावर, तिथून कोपरापर्यंत आणि थेट खांद्यावर जाऊन बसला.

नामाजी कितीतरी महिन्यांनी मनापासून हसला. "दोन द्या," म्हणाला. "एकलं जनावर झुरतं."

"दोन माद्या देईन. जोडी देत नाही, घरभर होतील." बाईनं एक उंदीर रागिणीच्या ओंजळीत ठेवला. पोर पायरीवर कुबडी टेकून बसली, ओंजळ नाकाजवळ नेली. मग बाईनं पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून बसली. "पण देण्याआधी एक सांगा. यांच्या आधी तुमच्या घरी कोणतं जनावर होतं?"

"शेळ्या."

"मग? आता कुठं हायत?"

आयुष्यभर हा सवाल नामाजीनं लोकांना केला होता. त्याला सगळी उत्तरं पाठ होती. मेल्या, विकल्या, गेल्या असतील कुठं तरी. त्यातलं कोणतं उत्तर पचतं आणि कोणतं पचत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. पायरीवर रागिणीची ओंजळ हलायची थांबली.

"इकल्या," तो म्हणाला.

"कुणाला?"

"न्हाई इचारलं." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "गाडीची घाई व्हती, पोरीचं आपरेशन व्हतं." टोपीची घडी घातली. "न्हाई, घाईचं बी खोटं हाय. इचारलं असतं तर तो काय म्हनंल ते मला ठावं व्हतं. ट्रकातली शेळी कुनी दुधाला नेत न्हाई. म्हनून न्हाई इचारलं. चांदी म्हनून एक पाट व्हती, हिची. तिचं दावं बी गेलं. मी बघत व्हतो, बाई."

पद्माबाईनं झाकणावरचा हात काढला नाही. "मग तुम्हाला नाही देत," म्हणाली.

"बराबर हाय." नामाजीला तिचा राग आला नाही. तिच्या जागी तो असता तर त्यानंही हेच केलं असतं, वर चहा विचारला असता. गुडघ्यावर हात देऊन तो उठला आणि चपला शोधायला लागला.

"अहो, थांबा. तुम्हाला देत नाही म्हटलं." बाई पायरीकडं वळली. "पोरी, तुला देते. उंदीर तुझे. महिन्या-दोन महिन्यांनी येऊन मला सांगायचं, कसे हायत. जमंल?"

रागिणीनं मान हलवली. जोरात हलवली.

परतीची गाडी लागली तेव्हा स्टँडवर ही गर्दी. रागिणीच्या एका काखेत कुबडी, दुसऱ्या हातात जाळीचं खोकं. गाडीची पायरी उंच. दांडा धरायला हात मोकळा नाही. कंडक्टर म्हणाला, "दे इकडं ते." तिनं खोकं छातीशी धरलं. मागून लोक ओरडायला लागले. नामाजी तिच्या मागंच उभा होता. त्यानं हात पुढं केला नाही. त्याची हिंमत झाली नाही.

रागिणी मागं वळली. चार महिन्यांनी त्याच्याकडं बघून बोलली.

"आबा, धरा," म्हणाली. "अन् कुणाला देऊ नगा."

नामाजीनं खोकं दोन्ही हातांनी घेतलं. पुढं एकानं म्हातारा बघून त्याला जागा दिली होती, पण कुरुंदा येईपर्यंत तो तसाच उभा राहिला.