कॅप्टन आणि वेशीवरची कोरी पाटी

गावात कुणी वारलं की कॅप्टन सगळ्यांच्या आधी दारात हजर. घरच्यांची रडारड सुरू असायची आणि हे मांडीवर थाप मारून म्हणायचे, "चला, एक गडी बाद." बायका त्यांना तोंडावर शिव्या द्यायच्या. तरुणपणी ते राज्याच्या कबड्डी संघाचे कप्तान होते, आणि तेव्हापासून त्यांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसायची: मैदानातली आणि बाद झालेली.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. जिल्ह्यातल्या नामवंतांमध्ये आमच्या गावचं हे एकच नाव. नगरला कुणाकडे काम असलं, कुठे सोयरीक जमवायची असली की आम्ही ते छातीठोकपणे सांगायचो. गावात मात्र त्यांना चहा विचारायचाही लोकांना कंटाळा. त्यांची जीभच तशी होती. मी त्यांचा शेजारी, त्यांच्या हाताखाली खेळलेला. एकदा माझ्या हातून पकड सुटली तर सगळ्या मैदानासमोर म्हणाले, "ह्याला देवानं हात दिलेत ते फकस्त जेवायला." पुढे माझ्या लग्नात, मी बायकोला घास भरवत असताना, त्यांनी ते पाहुण्यांना आठवणीनं सांगितलं. तरीही मला हा माणूस आवडायचा, का ते विचारू नका.

गावानं वेशीवर कमान बांधायला घेतली तेव्हा कॅप्टननी ग्रामसभेत उभं राहून स्वतःच स्वतःचं नाव सुचवलं. सरपंच हसले. "कॅप्टन, जित्या मानसाचं नाव कमानीवर लावत न्हाईत. आपली तशी रीत न्हाई."

"मग काय मरू व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "घाई न्हाई. पन रंगारी दिवाळीला येनार हाय."

सभा पोट धरून हसली. कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी तो शब्द धरून ठेवला: मेल्यावर पाटी आपली.

कमान झाली, वरची पाटी कोरी राहिली. कॅप्टन रोज तिच्या सावलीत बसू लागले. येणारा-जाणारा विचारायचा, "कॅप्टन, तब्येत कशी हाय?" आणि विचारताना पाटीकडे बघायचा. ते थाप मारून म्हणायचे, "रंगाऱ्याला सांगा, दम संपत आलाय." निवडणूक होऊन दुसरा सरपंच आला तर आपलं नाव राहूनच जाईल, ही त्यांना धास्ती. त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केल्याचं आम्हाला फार उशिरा कळलं.

एका सकाळी ते कमानीखालीच कोसळले. अर्धं अंग गेलं. त्यांची मुलगी शालन हिनं जीप करून त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं आणि वाचवलं. मी भेटायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "हिला इचार, कोनी सांगितलं हुतं मला परत मैदानात घ्यायला?" शालन त्यांचे पाय चेपत होती. ती चेपत राहिली.

ते दवाखान्यात असतानाच सरपंचांचे वडील वारले. त्या गृहस्थानं उभ्या आयुष्यात शेजाऱ्याचा बांध कोरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तेराव्याच्या आत पाटीवर त्याचं नाव लागलं. घरी येताना कॅप्टननी कमानीपाशी जीप थांबवायला लावली, पाटी वाचली आणि म्हणाले, "म्हातारा माझ्या आधी बाद झाला. खेळ त्यालाच कळला." थाप मारायला हात उचलला, पण तो मांडीपर्यंत पोचला नाही.

पुढे ते काही वर्षं जगले, पण त्या कमानीखालून पुन्हा गेले नाहीत. काठी टेकत, पाय ओढत बाजूच्या ओघळीतून जायचे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले, तेव्हा शालननं तिरडी कमानीसमोर अडवली. "बाजूनं घ्या," म्हणाली. खांदेकरी घसरत, कुरकुरत ओघळीत उतरले. "मेल्यावर बी वाकडाच," माझ्या मागचा पुटपुटला.

शोकसभेत सरपंचांनी कॅप्टनचं नाव गावात कुठेतरी लावायचंच, असं जाहीर केलं. कॅप्टन आता जिवंत नसल्यामुळे रीतीची अडचण उरली नव्हती, पण गावात बिननावाची एकच जागा शिल्लक होती. स्मशानातली पत्र्याची शेड. तिच्यावर आता ठळक अक्षरांत कॅप्टनचं नाव आहे. परवा एका मयतीला मी तिथे सावलीला बसलो होतो. बाहेरगावच्या पाहुण्यानं वर बघून विचारलं, "हे कोन?"

"हुता एक," शेजारचा तंबाखू मळत म्हणाला. "कुनी मेलं की पयला हजर असायचा."