विरोधकाला दिलेला पाट

प्रथम वर्षाचे निबंध तपासताना वैशालीच्या कागदावर एक खोडलेली ओळ दिसली. विषय होता, कॉलेजात हजेरीची सक्ती असावी का. शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा गाजवणारी ही मुलगी. सुरुवातीलाच टाळीचं वाक्य लिहून तिने स्वतःच त्यावर रेघ मारली होती.

तिला बोलावून विचारलं, "चांगलं होतं की गं, का खोडलंस?"

"मॅडम, टाळ्या पडल्या असत्या, पण पटलं नसतं कुणाला."

ती स्वतः सक्तीच्या विरोधात, तरी रेघेखाली तिने आधी सक्तीची बाजू मांडली होती. म्हणजे माझीच, आणि मला कधी जमली नाही इतकी नीट. आपल्याकडे वाद म्हणजे समोरच्याचं बोलणं वाकडं करायचं आणि मग त्यावर तुटून पडायचं. हिने विरोधी मताला पाहुण्यासारखा पाट दिला, पोटभर वाढलं, आणि मग शांतपणे विचारलं, "सक्ती असेल तर मुलं शिकायला येतात की हजेरीला, हे शिक्षकाला कळणार कसं?"

हरल्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

सोमवारपासून हजेरी घेणार नाही, असं वर्गात सांगून टाकलंय. आता मलाही कळेल.