दादा आणि भिंतीवरची मुलगी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मॅनहॅटनमधल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नाही, म्हणून बाहेर येऊन उचलला. "सुमन, हे गेले गं," एवढंच म्हणाली, आणि मग पलीकडून नुसते पार्किंग लॉटमधल्या गाड्यांचे आवाज येत राहिले... दोघं भाजी घेऊन दुकानाबाहेर आली होती. पिशव्या डिकीत ठेवता ठेवता दादा कोसळला, आणि अँब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझा मोठा भाऊ, डॉक्टर प्रभाकर. आयुष्यभर एका जागी बसला नाही, जातानासुद्धा उभ्या उभ्या गेला. त्याला आता महिना उलटून गेला. तेव्हापासून माझाही पाय कुठे ठरत नाही. शुक्रवारी ऑफिस सुटलं की जर्सी सिटीहून गाडी काढते, चार तासांवरच्या श्रूजबरीला वहिनीकडे जाते, रविवारी परत येते, आणि सोमवारी पुन्हा वाटतं की तिकडेच काहीतरी करायचं राहून गेलंय.

दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. नागपूरहून मेडिकल करून तो सत्तरच्या दशकात इकडे आला, मी कितीतरी नंतर, कॉम्प्युटरच्या नोकरीवर, एकटीच आले. तो भूलतज्ज्ञ होता. "झोपवणं सोपं असतं गं सुमे, उठवणं हे माझं काम," असं सांगायचा. स्वतः मात्र कधी निवांत नाही. जेवताना दोन घास झाले की उठून खिडकी बंद करणार, थर्मोस्टॅट बघणार, बाहेर जाऊन पोस्टाची पेटी उघडणार. वहिनी "अहो, बसा ना जरा," म्हणायची ते इतक्या वेळा की तिचं तिलाही ऐकू येत नसावं. २००१च्या शेवटी त्याने एकाएकी नोकरी सोडली. अजून चार वर्षं सहज करता आली असती. कारण विचारलं तर म्हणाला, "पुरे झालं." घरात बसला आणि त्याची तगमग आणखी वाढली. तळघरातलं फडताळ दर आठवड्याला नव्याने लावायचा.

फ्रान्सची कल्पना वहिनीची. ती जवळच्या कॉलेजात संध्याकाळी फ्रेंच शिकत होती, आणि तिला मोठी शहरं नको होती. खेड्यात एखादं घर भाड्याने घ्यायचं, सकाळी एकच काहीतरी बघायचं, दुपारी सावकाश जेवायचं, मग काही करायचं नाही. मला बरोबर नेलं ते गाडी चालवायला, कारण दादाच्या ड्रायव्हिंगला ती घाबरायची. २००२च्या सप्टेंबरमध्ये नदीकाठच्या एका लहानशा गावात आम्ही पोहोचलो. पहिले तीन दिवस दादाने आमचा जीव खाल्ला. देवळाएवढ्या चर्चला फेरी मारून पाच मिनिटांत बाहेर... "झालं, आता पुढे काय?" बाजारात चीजच्या दुकानापाशी वहिनी एकेक नाव वाचत उभी, तर हा गाडीची किल्ली खुळखुळवतोय. "दादा, तू परत जा बाबा घरी," असं मी अखेर म्हणालेसुद्धा.

चौथ्या दिवशी आम्ही गावच्या म्युझियममध्ये गेलो. नाव मोठं, पण नगरपालिकेच्या इमारतीतला वरचा मजला तेवढा. गावच्या कुणा वकिलाने जन्मभर जमवलेल्या वस्तू त्याने मरताना गावाला देऊन टाकल्या होत्या. फुलांच्या नक्षीच्या बशा आणि ताटं, खिशातली घड्याळं, पेंढा भरलेले पक्षी, आणि शेवटच्या खोलीत थोडी चित्रं. राखण करायला एकच बाई, काळा स्वेटर घातलेली. तिला सगळे मादाम म्हणत. मी आणि वहिनी बशा बघत होतो. दादा नेहमीसारखा पुढे निघून गेला, आणि या वेळी परत आलाच नाही. शोधत गेलो तर तो शेवटच्या खोलीत एका चित्रासमोर उभा. चित्रकाराचं नाव कुणी ऐकलेलं नाही. एक तरुण मुलगी खिडकीपाशी खाटेवर निजलेली, एक हात पांघरुणाबाहेर, तोंड किंचित उघडं. खाली पाटी होती, 'झोप'.

"ही झोपलेली नाहीये," दादा म्हणाला.

वहिनी म्हणाली, "अहो, तसं लिहिलंय खाली."

"लिहिणाऱ्याला काय कळतंय? ओठांचा रंग बघ. हिचा श्वास चालत नाहीये. उषा, तू त्या बाईला विचार."

वहिनीने अडखळत विचारलं. मादाम हसली, दोन्ही हात गालाखाली जोडून झोपल्याची खूण केली. दादा हसला नाही. तास उलटून गेला तरी तो तिथेच. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं तेव्हा त्याचा हात थंड होता.

दुपारी गावातल्या खानावळीत आम्ही जेवायला बसलो. वहिनी शाकाहारी, म्हणून मालकिणीने तिच्यासाठी सायीत भाजलेले बटाटे केले होते, आणि अक्रोड घातलेलं सॅलड. दादाने एक घास खाल्ला आणि उठून अंगणात गेला. तिथे गोल गोल फिरत राहिला. तेव्हा वहिनीने मला सांगितलं. आदल्या वर्षी एक कॉलेजातली मुलगी गुडघ्याच्या साध्या ऑपरेशनसाठी आली होती. दादाने तिला भूल दिली, आणि ती उठली नाही. तिच्या हृदयात जन्मापासून काहीतरी दोष होता, तो कुणालाच ठाऊक नव्हता. चौकशी झाली, दादाकडून काही चुकलं नव्हतं हे सगळ्यांनी मान्य केलं. मुलीच्या आईवडिलांना बाहेर जाऊन सांगितलं ते मात्र यानेच. "त्यानंतर हे नीट झोपले नाहीत गं," वहिनी म्हणाली. "म्हणून तर इकडे आणलं. आणि इथे बघ काय भेटलं..." बटाटे गार झाले. आम्ही दोघींनीही ते तसेच टाकले.

मला वाटलं, आता तो या गावाचं नाव काढणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यानेच फोन केला. "सुमे, सप्टेंबरची सुट्टी टाक. तेच घर मिळतंय." आणि मग दर वर्षी आम्ही जात राहिलो. पोहोचलो की दुसऱ्या सकाळी म्युझियम, आणि दादा चित्रासमोर. त्याचं म्हणणं कधी बदललं नाही. एका वर्षी भिंग घेऊन आला होता. मादाम त्याला ओळखू लागली, 'डॉक्टर' म्हणू लागली. तिला वहिनीने त्या ऑपरेशनचं सांगितलं की नाही, मला माहीत नाही, पण नंतर तिने ती झोपेची खूण कधी केली नाही. बाकी दिवस तो पूर्वीसारखाच. आम्ही कुंभाराची भट्टी बघितली, एका शेतकऱ्याने गोळा केलेले शेकडो दिवे बघितले, नासपतीचा मुरंबा लावलेले पावाचे जाड काप खाल्ले... दादा सगळीकडे बाहेर पडायच्या दाराशी. आयसेलिनच्या देशी वाणसामानाच्या दुकानात बिलाच्या रांगेत उभा राहावा तसा.

गेल्या सप्टेंबरात आम्ही जिना चढून गेलो, तर भिंतीवर चित्र नव्हतं. नुसता एक फिकट चौकोन आणि वर खिळा. दादाचा चेहरा पाहून मी घाबरले. तो त्या खोलीत इकडून तिकडे फिरायला लागला, दुसऱ्या चित्रांमागे डोकावला. "कुठे नेली? विचार ना, कुठे नेली तिला?" मादाम धावत आली. चित्र साफ करायला मोठ्या शहरात पाठवलं होतं, वसंतात परत येणार होतं. वहिनीने हे सांगितलं तरी दादा थांबेना. मग त्या बाईने आपल्या टेबलामागची खुर्ची उचलून आणली, रिकाम्या चौकोनासमोर ठेवली आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. तो बसला. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.

"उषा," तो शेवटी म्हणाला, "उठून गेली वाटतं."

आणि हसला. तोंडभर नाही, पण हसला. वहिनीने तोंड फिरवलं. मादामला शब्द कळले नाहीत तरी तीही हसली. त्या दुपारी खानावळीत सूप आलं, बटाटे आले, चीज आलं, नासपती आली. दादा शेवटची कॉफी संपेपर्यंत खुर्चीवरून हलला नाही. एकदा तर मीच उठून गाडी बघून आले, सवयीने.

त्यानंतर तो पाच महिने जगला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. श्रूजबरीत बर्फ पडलं की पहाटेच फावडं घेऊन बाहेर, फोनवर बोलताना घरभर फेऱ्या, सगळं तसंच. पण झोप लागायची त्याला, असं वहिनी सांगते.

परवाच्या रविवारी मी तिला विचारलं, "फ्रान्सच्या घराचं बुकिंग आहे अजून. कॅन्सल करू?"

"नको. जाऊ आपण."

"चित्र आलं असेल परत."

वहिनीने ताकाचं भांडं जवळ ओढलं. "मला नाही बघायचं ते," म्हणाली. "ती उठून गेली म्हणाले ना हे? मग गेली. आपण मादामला भेटू, तिला खानावळीत घेऊन जाऊ, पोटभर जेवू."

आमची पिठलं-भाकरी केव्हाच संपली होती. मला जर्सी सिटीला चार तासांचा ड्राइव्ह होता, ट्रॅफिक वाढत चाललं असणार होतं. मी किल्लीकडे हात नेला... आणि राहू दिला. वहिनीने ताक ओतलं. दोघींच्या बोटांवरचं पिठलं वाळून कडक झालं, खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं, तरी आम्ही तशाच ताटांवर बसून होतो.