आत बघितलं का?

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना होता आणि तिथे तिचं राज्य होतं. सहा मोठी यंत्रं घरघरत असतानाही तिचा आवाज पार त्या टोकापर्यंत पोचायचा, म्हणून सगळे तिला तोफ म्हणत. अगदी तोंडावरसुद्धा. वय चोपन्न. त्यातली बावीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त धुण्यात गेलेली. नव्या बायका शस्त्रक्रियेच्या चादरी चिमटीत धरायला लागल्या की ही ओरडायची, "अगं, रक्त आहे ते, साप नाही! गार पाण्यात टाक आधी!"

पहिला नवरा जाऊन अकरा वर्षं झाल्यावर तिने दुसरं लग्न केलं, याच इस्पितळातल्या लिफ्टच्या मेकॅनिकशी. "म्हातारपणी सोबत हवी ना," असं थोरली बहीण लोकांना सांगत सुटायची, जणू काही झाकायचंच होतं. सोबत हवीच होती. पण नुसती सोबत नव्हे. दोघांचं छान जमलं होतं, गप्पांतही आणि अंथरुणातही.

लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात रक्त दिसलं. पाळी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. संबंधानंतर ती उठली तर चादरीवर नाण्याएवढा लाल डाग. दुखलं म्हणावं तर थोडी चुरचुर, एवढंच. नवरा मात्र पांढराफटक पडला.

"माझ्यामुळे झालं का गं?"

"गप बस. खरचटलं असेल कुठेतरी."

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. त्यानंतर नवरा पाठ दुखते म्हणून बाहेरच्या खोलीत बाकावर झोपायला लागला. त्याची पाठ ठणठणीत होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी तिने केसपेपर काढला आणि आपल्याच इस्पितळात रांगेत उभी राहिली. डॉक्टर लिहीत होते. शेजारी दोन शिकाऊ मुली उभ्या. तोफेचा आवाज पार खाली आला.

"नवऱ्याजवळ गेल्यावर... लाल जातं."

"मोठ्याने बोला जरा."

तिने पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनी आता कुठे मान वर केली. "वय?"

"चोपन्न."

"मग आता कशाला हवंय हे सगळं? नातवंडं सांभाळा की."

शिकाऊ मुलींपैकी एक फिसकन हसली. तपासणीचं टेबल तीन हातांवर होतं. त्यावरची चादर तिनेच सकाळी घडी करून वर पाठवलेली. डॉक्टरांनी तिला त्या टेबलावर झोपवलं नाही, हात धुतले नाहीत, पुढचा एक प्रश्न विचारला नाही. लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढचा नंबर पुकारला.

पाच महिने तिने ते दुखणं अंगावर काढलं. त्या पाच महिन्यांत तिला राग आला तो स्वतःचाच. हावरटपणा केला आपण, असं वाटायचं. नवरा हात धरायला आला तरी ती हात काढून घ्यायची.

मग एका दुपारी बायकांच्या वॉर्डातली वयस्कर सिस्टर चादरी कमी आल्या म्हणून भांडायला खाली आली. तोफ नेहमीसारखी सुटली, पण मध्येच भलतंच बोलून गेली. "चादरी बऱ्या मोजता येतात तुम्हाला! माणसाकडे बघायला वेळ नाही कुणाला!" आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

सिस्टरने तिला साबणाच्या खोलीत नेलं, दार लोटलं, सगळं ऐकून घेतलं.

"आत बघितलं का त्याने?"

"नाही."

"मग केलं काय?"

"गोळ्या दिल्या."

सिस्टरने डॉक्टरला एक सणसणीत शिवी हासडली. "अगं, पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी तपासायचं असतं! वय बघून सोडून द्यायचं नसतं, वय बघून तर आधी बघायचं असतं!"

दुसऱ्याच दिवशी सिस्टरने तिला एका डॉक्टरीणबाईंपुढे बसवलं. बाईंनी कुठेही हात लावण्याआधी काय करणार ते सांगितलं. मग कागदावर चित्र काढून दाखवलं. पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ, कोरडी होते, ती घर्षणाने सोलवटते. शिवाय गर्भपिशवीच्या तोंडाशी मसासारखा एक कोंब होता. धक्का लागला की त्यातून रक्त यायचं.

"कॅन्सर आहे का?"

"असे कोंब बहुतेक साधे असतात. पण बहुतेकच्या भरवशावर मी कुणाला घरी पाठवत नाही."

कोंब तिथेच काढला आणि तपासायला पाठवला. पिशवीच्या तोंडाचा नमुना घेतला, सोनोग्राफी केली. दहा दिवस तिने कसेबसे ढकलले. रिपोर्ट स्वच्छ आला. कोरडेपणासाठी आतून लावायचं मलम मिळालं. नवरा इस्पितळाच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला.

तीही सुटल्यासारखी झाली, पण अर्धा दिवसच. संध्याकाळपर्यंत डोक्यात घण पडायला लागले. साधा कोंब निघाला म्हणून ठीक. दुसरं काही असतं तर? पाच महिने!

सकाळी ती रिपोर्ट घेऊन पहिल्या डॉक्टरांच्या खोलीत घुसली. बाहेर रांग लागलेली, दार सताड उघडं.

"हे बघा काय निघालं! तुम्ही आत बघितलंच नाहीत!"

"बाई, आवाज खाली करा."

"त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, मोठ्याने बोला. कशाला हवंय, असं विचारलंत ना? मला हवंय, माझ्या नवऱ्याला हवंय, ते आमचं आम्ही बघू. तुमचं काम तपासायचं होतं!"

डॉक्टरांनी रिपोर्टला हातसुद्धा लावला नाही. "पुढचा पेशंट," म्हणाले. हसलेली ती शिकाऊ मुलगी खाली बघत राहिली.

तोफेने इस्पितळाच्या वरिष्ठांकडे तक्रार लिहायला घेतली. नवऱ्याचं अक्षर चांगलं, म्हणून ती सांगायची आणि तो लिहायचा. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसरं दिलं त्या आठवड्यात एक तिशीची बाई विचारत विचारत तळघरात आली. तोफ डॉक्टरांवर कडाडली त्या दिवशी ती बाहेर रांगेत होती. "मलाही तसंच जातं हो," ती यंत्रांच्या आवाजात पुटपुटली. "आठ महिने झाले."

तोफ तिला घेऊन तशीच वर डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या बाईला जंतुसंसर्ग निघाला. औषध तिला दिलं आणि नवऱ्यालाही घ्यायला लावलं.

घरी आल्यावर तोफेने चपला भिरकावल्या. "आठ महिने! लाजेने मरायची वेळ आली होती तिच्यावर."

"आता तरी सोड तो राग," नवरा म्हणाला.

"का सोडू? कागद काढ."

त्याने पेन उघडलं.