चौथ्या यंत्राचं झाकण

बीडजवळच्या एका जिनिंगमध्ये मी देखभालीच्या नोंदी ठेवायला लागले, तेव्हा 'वंगण' हा शब्दही मला नवा होता. शाळा इंग्रजी माध्यमाची. बोलायची भीती वाटायची, म्हणून मी बघत राहायचे.

कापसातून सरकी काढणारी सहा यंत्रं होती. दर मंगळवारी बाजारामुळे काम बंद. त्या दिवशी फिटरमामा एकेका बेअरिंगचं झाकण उघडून जुनं ग्रीस पुसायचे, नवं भरायचे. म्हणायचे, "मशीन बी जनावरच हाय, ताई. धुतलं-पुसलं न्हाई तर रुसतं." फक्त चौथ्याचे बोल्ट गंजून बसले होते. "हे लई आडमुठं," असं म्हणत मामा त्याला बाहेरूनच पंपाने ग्रीस द्यायचे.

त्या हंगामात तीन बेअरिंगं गेली. पहिल्याचं, पाचव्याचं, पुन्हा पहिल्याचं. चौथं मात्र चालूच. मालकांनी मला बोलावलं. "कारण लिहून द्या. मामाला आता जमत नसंल, तर पुढच्या हंगामाला दुसरा माणूस बघतो."

दोन दिवस मी कोरा कागद घेऊन फिरले. झाकण उघडलं की हवेतली रुई ग्रीसला चिकटते, हे मी पाहिलं होतं. पण काळजी घेतली म्हणून बिघडलं, असं लिहायचं कसं? आणि ते खरं तरी होतं का?

शेवटी मामांनाच सांगितलं. ते भाकरी खात होते.

"म्हंजी मी पुसतो म्हणून मोडतं?"

"तसं वाटतंय."

"मंग मंगळवारी काय करू? झाकणाच्या तोंडाकडं बघत बसू?"

पण पुढच्या मंगळवारी त्यांनी एकही झाकण उघडलं नाही. आणि गुरुवारी चौथ्याचंच बेअरिंग गेलं.

"घ्या! तुमचं लाडकंच गेलं," मामा हसले. मला हसावं की रडावं कळेना.

मी लिहिलं: 'उघडताना रुई आत जाते, असं वाटतं. चौथं का गेलं, कळलं नाही. मामा असतील तर दोघं मिळून शोधू.'

मालकांनी ते दोनदा वाचलं. "मंग चूक कुणाची?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

मामा याही हंगामाला आले. मंगळवारी आम्ही यंत्रं थोडा वेळ रिकामी चालवतो आणि झाकणांवर हात ठेवून बघतो, कुठलं तापलंय. उघडायचं की नाही, यावर दर वेळी वाद होतो.