उन्हावर घोंगडं टाकणाऱ्या कौसाताई

भर वैशाखात ऊन ऐन रंगात आलं, की कौसाताई सोलरच्या पाट्यांवर काळं घोंगडं पांघरायच्या. निवृत्तीनंतर फुलंब्रीजवळ त्यांच्या शेजारी दोन खोल्या बांधून मी राहायला आलो, तेव्हा हा प्रकार पाहिला आणि बाईचं डोकं फिरलंय असं ठरवून मोकळा झालो. लोक पाट्यांवरची धूळ पुसतात, आणि ही त्यांना झाकून ठेवते! विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बसला, नळीतली धार तुटली.

"ऊन फुकट हाय गुरुजी, पानी नाय," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून रोपांकडं वळल्या.

कौसाताई मेंढपाळाच्या घरातल्या. नवरा गेल्यावर मेंढरं विकून त्यांनी मोसंबीच्या कलमांची नर्सरी उभी केली. पूर्वी विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. त्याचा धूर कोवळ्या पानांवर बसायचा, पाण्यावर तेलाचा तवंग यायचा. सोलर आल्यावर तवंग गेला, विहिरीच्या कपारीत साळुंक्या परतल्या. बाईंना त्याचा केवढा अभिमान! येणाऱ्याला आधी ओंजळभर पाणी प्यायला लावायच्या आणि "तेलाचा वास येतो का?" असं दरडावून विचारायच्या. आला असता तरी "येतो" म्हणायची कुणाची छाती नव्हती.

पण डिझेल संपलं की इंजिन निदान थांबायचं. सोलरला कसलाच खर्च नाही. विहीर सामाईक, त्यामुळे धाकटे दीर भानुदासराव उसाला दिवसभर पाणी सोडू लागले. पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला आणि कलमं वाळली. मी आलो तो दुसरा उन्हाळा. पुन्हा तसंच झालं असतं, तर नर्सरी मोडावीच लागली असती.

बटण बंद केलं तर भानुदासराव चालू करत. मग ताईंनी सासऱ्यांचं घोंगडं बाहेर काढलं. बिरोबाच्या पूजेत मांडायचं ते; चुकून पाय लागला तरी घरातले हात जोडायचे. रोपांचं भागलं, उसाचा वाटा देऊन झाला, की कपाळी भंडारा लावून त्या ते पाट्यांवर पसरायच्या.

"वैनी, उचला ते! उसाला पानी पायजे," भानुदासराव बांधावरून ओरडले.

"तुमीच उचला की भावजी. म्या कुठं नाय म्हनलं?"

भानुदासराव तावातावानं आले, घोंगड्याकडं पाहिलं आणि टोपी सारखी करत माघारी गेले. मी हसू दाबायला घरात पळालो.

वैशाख सरेपर्यंत आसपासच्या विहिरींनी तळ गाठला, टँकर फिरू लागले. कौसाताईंच्या विहिरीत पाणी टिकलं. मृगात कलमं न्यायला पार सोयगाव, लासूरहून शेतकरी आले. एकही पान न करपलेली ती हिरवीगार कलमं पाहून माझीच छाती फुगली. मी त्यातलं एकही लावलं नव्हतं, तरी. ताईंनी पहिल्या टेम्पोवर मूठभर भंडारा उधळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

दुपारी भानुदासराव आले. मान खाली घालून म्हणाले, "वैनी, ऊस मोडतो. मलाबी मोसंबीच द्या."

ताईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ताईंना इतकं खुललेलं मी क्वचितच पाहिलंय.

"देते की. पर ही लासूरची मान्सं सकाळधरनं हुबी हायती. त्येंच्या मागं थांबा."

आणि निम्म्या विहिरीचे मालक भानुदासराव मुकाट्यानं रांगेत उभे राहिले.