फीत

झेंडूचा वास आला की मला अजून धडकी भरते. लहानपणी आमच्या आरोग्य केंद्रापुढं नवी रुग्णवाहिका हार घालून उभी होती आणि शेजारी आईच्या मांडीवर साप चावलेली माझी बहीण. डॉक्टर म्हणाले, लगेच परभणीला न्या.

“मावशी, साहेबांनी फीत कापल्याबिगर गाडी हालत न्हाई,” ड्रायव्हर म्हणाला. “ते देवगाव फाट्यावर सत्कार घ्यायलेत.”

बहिणीच्या पापण्या मिटत होत्या. आईनं कमरेचा विळा काढून फीत कापली. “झालं उद्घाटन. चल!” कुणीतरी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

वाटेत आई तिला हलवून विचारत होती, “माझं नाव काय, सांग.” मला वाटलं, भीतीनं आई स्वतःचं नाव विसरली. बहीण वाचली. ती शुद्धीवर आहे का, हे बघायला तो प्रश्न होता, हे आता कळतं.